पलीकडं बसलेल्या बाईंना

सात वर्षांच्या लेकराच्या हातात रंगीत खडू देऊन "तुझ्या घरात पाणी शिरलं ते काढ बरं" असं तुम्ही कधी म्हणाला आहात का? आणि त्यानं काढलेला कागद त्यालाच छातीशी धरायला लावून फोटो घेतला आहे का? घेतला असेल, तर खालचं शेवटपर्यंत वाचा. हे पत्र तुम्हाला नाही. ज्या बाईंना आहे, त्या आता वाचू शकत नाहीत. पण तुमच्याबद्दल त्यात बरंच आहे.

बाई, जय भीम.

तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. परवा त्या संस्थेच्या समन्वयकांचा फोन आला. तेच, दहा खिशांचं जाकीट घालणारे आणि पूरग्रस्त वस्तीत पांढरे बूट घालून येणारे. म्हणाले, "मॅडम, आम्ही सुमनबाईंवर स्मरणिका काढतोय. तुम्ही त्यांच्या जवळच्या. तीनशे शब्द द्या. फक्त थोडं पॉझिटिव्ह असू द्या."

मी म्हणाले, "बाई गेल्यात. पॉझिटिव्ह काय लिहू?"

"म्हणजे, आपल्या प्रकल्पाचा उल्लेख आला पाहिजे, एवढंच."

एवढंच. तुम्ही असता तर हसला असता. मला हसता आलं नाही. मी फोन ठेवला आणि औरंगपुऱ्यातल्या आमच्या छापखान्यात येऊन बसले. चळवळीची पत्रकं छापण्यात माझ्या वडिलांचं, अप्पांचं, आयुष्य गेलं, मी त्या कागदांच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झाले, त्यामुळं राग आला की लिहिणं एवढंच मला येतं. अप्पांनी पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, "शिव्या कमी कर. वाचणारा तिथंच अडकतो, पुढं येत नाही." कमी केल्या आहेत, बाई. उरल्या त्या लागणार होत्या.

आपली पहिली भेट मी विसरलेले नाही, तुम्ही तर मला कधी विसरूच दिली नाही. गेल्या वर्षी पोळा होऊन आठवडा झाला असेल. लासूर स्टेशनच्या पुढची तुमची ओढ्याकाठची वस्ती पाण्यात गेली, आणि पाणी उतरल्यावर आम्ही शहरातली पाच-सहा जणं मदतीला आलो. बाकीच्यांनी तांदूळ आणला होता. मी पत्रकं आणली होती. 'नुकसानभरपाई ही भीक नव्हे!' असं ठळक अक्षरात. तुम्ही विहाराच्या ओट्यावर ओली गोधडी पिळत होता. अंगणवाडीतून निवृत्त होऊन तुम्हाला वर्षं झाली होती, तरी सगळी वस्ती तुम्हाला बाईच म्हणायची. तुम्ही पत्रक हातात घेतलं, पूर्ण वाचलं, मग उलटं केलं.

"मागनं कोरं हाय व्हय?"

"हो."

"सगळी?"

"हो, बाई."

"मग ठेव इथं. लेकरांच्या वह्या भिजल्यात."

माझ्या आयुष्यात माझ्या लिखाणाचा इतका थेट उपयोग कुणी केला नव्हता. मी रागावले होते. आज त्याचे आभार मानते.

त्यानंतरचा एक महिना म्हणजे जत्रा होती. रोज एक गाडी, रोज एक बॅनर. एका मंडळानं जुने कपडे आणले, त्यात लग्नातला कोट आणि उंच टाचांचे सँडल निघाले. एका गटानं वस्तीतल्या बायांना रांगेत उभं करून हात जोडायला लावले, कारण देणाऱ्यांना तसा व्हिडिओ पाहिजे होता. आणि लेकरांसाठी खडू. जो येईल तो खडू घेऊन येई. मनातलं बाहेर काढायचं म्हणे. पहिल्या दिवशी लेकरांनी खरं काढलं. चौथ्या दिवसापर्यंत त्यांना कळलं, की पाहुण्यांना काय आवडतं. घराच्या पत्र्यावर चढलेली म्हैस काढली की मोठा बिस्किटपुडा मिळतो. मग सगळ्यांच्या पत्र्यावर म्हशी चढल्या. तुमच्या वस्तीत म्हैस एकाकडंही नव्हती, बाई. एका शहाण्या बाईनं त्या चित्रांकडं बघून डोळे पुसले आणि सोबतच्याला म्हणाली, "प्राण्यांशी किती घट्ट नातं आहे यांचं!" तुम्ही तोंडाला पदर लावून आत गेलात. मला वाटलं रडताय.

मग ती संस्था आली. बाकीचे येऊन गेले, हे राहायला आले. लेकरांवरच काम करायचं, आणि दीर्घकाळ करायचं, असं त्यांच्या फलकावर लिहिलेलं होतं. तुम्ही तो फलक वाचून विचारलं होतंत, "दीर्घकाळ म्हंजी किती?" समन्वयक म्हणाले, "मार्चअखेर." सहा महिने. त्यांना त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

त्यांच्या पिशव्या वाटायच्या दिवशीचं भांडण मी अजून लोकांना सांगते. यादी वाचली गेली, पिशव्या मिळाल्या, आणि वरच्या टेकाडावरची धनगरांची पाच-सहा लेकरं तशीच उभी राहिली. पाहणीच्या दिवशी ती मेंढरांमागं गेली होती, म्हणून यादीत नव्हती. म्हणजे कागदावर ती लेकरं इथं नव्हतीच. पूर आला त्या दिवशी आपल्या बौद्ध वस्तीतली सगळी माणसं त्यांच्याच वाड्यात, मेंढरांच्या मध्ये जाऊन बसली होती. त्याआधी आपलं आणि त्यांचं फार येणं-जाणं नव्हतं, हेही खरं.

तुम्ही समन्वयकांना म्हणालात, "ह्यांच्या पिशव्या?"

"बाई, ही मुलं यादीत नाहीत."

"यादी तुमची. लेकरं आमची." आणि तुम्ही खाली बसून सगळ्या पिशव्या सोडायला लागलात. साबण एकीकडं, वह्या एकीकडं, बाटल्या एकीकडं.

"अहो किट फोडू नका! फोटो व्हायचाय अजून!"

"काढा की. सामानाचा काढा."

टेकाडावरच्या धनगरांतल्या हिराबाई तिथंच काठीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याच नातवंडांचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात वाळलेल्या शेणी आणि दूध होतं. तुमची मैत्री तिथून सुरू झाली, आणि ती कुठल्याही फलकावर लिहिलेली नाही.

आता मुख्य गोष्टीवर येते, कारण हे वाचणाऱ्यांना ती माहीत नाही. वस्ती ओढ्याच्या या बाजूला, जिल्हा परिषदेची शाळा त्या बाजूला, मध्ये फरशी पूल. ओढ्याच्या पाण्यापासून हातभर उंच, कठडा नाही. पूर आला तेव्हा दुपार होती आणि वस्तीतली पंधरा-सोळा लेकरं शाळेत होती. पूल पाण्याखाली गेला. लेकरांनी पलीकडच्या काठावरून स्वतःची घरं बुडताना पाहिली, आणि आपली आई त्यात आहे की बाहेर पडली हे त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं नाही. वस्तीतलं एकही माणूस दगावलं नाही. पण त्या दिवसानंतर एकही लेकरू पूल ओलांडेना. शाळा सुरू झाली, मास्तर घरोघर येऊन गेले. लेकरं पुलापर्यंत यायची, दप्तर पाठीवर, आणि थांबायची.

संस्थेनं समुपदेशनाची कार्यशाळा घेतली. फुगे फुगवले, फुगे फोडले. पाणी आपला मित्र आहे, असं टाळ्या वाजवत म्हणायला लावलं. लेकरांनी छान म्हटलं. अहवालात 'पाण्याची भीती कमी झाली' असं गेलं.

आणि मग एक दिवस पायल, दुसरीतली, तुमच्याजवळ बसून पाण्यानं भरलेल्या पोहऱ्यात हात घालून खेळत होती. तुम्ही सहज विचारलं, "पाण्याला भेत नाय का गं तू?"

"पाण्याला कोण भेतंय? म्या पलीकडं ऱ्हायला भेते."

"म्हंजी?"

"म्या पलीकडं, आई अलीकडं."

बाई, हे तुम्ही मला सांगितलंत. एवढे खडू, एवढे फुगे, एवढे शिकलेले लोक. कुणीच विचारलं नव्हतं. पाण्याचं चित्र काढायला लावणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की भीती पाण्याची नसेल. माझ्याही आलं नव्हतं. मी तेव्हा तलाठ्याच्या पंचनाम्यावर लिहीत होते.

दिवाळीनंतर संस्थेनं व्हॅन दिली. पांढरी, दोन्ही बाजूंना त्यांचं चिन्ह, मागं हसणाऱ्या लेकराचा फोटो. ते लेकरू आपल्या वस्तीतलं नव्हतं, कुठलं होतं देव जाणे. लेकरं व्हॅनमध्ये बसून पुलावरून पलीकडं गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यात जोरात. तुम्ही वाजवल्या नाहीत. म्हणालात, "गाडी सोडून निघून येती. लेकरं दिवसभर खिडकीत बघत बसत्यात."

मार्च संपला, प्रकल्प संपला, व्हॅन गेली. दुसऱ्या दिवशी लेकरं पुलाजवळ आली आणि थांबली. अगदी तिथंच, बाई, पहिल्या दिवशी थांबली होती तिथंच.

तेव्हा आपलं भांडण झालं, जे अजून संपलेलं नाही. मी पत्रक लिहून आणलं होतं. 'व्हॅन आमच्या हक्काची!' मला त्यावर सगळ्या वस्तीच्या सह्या पाहिजे होत्या, पहिली तुमची. एप्रिलची दुपार होती, विहाराची फरशी तापली होती, तुम्ही गोधडीला टाके घालत होता.

"म्या नाय करायची सही."

"का? तुम्हाला त्यांची भीड वाटते?"

"भीड कसली? व्हॅन मागून काय करू? गाडीत बसून जायला शिकली लेकरं. पलीकडं ऱ्हायला नाय शिकली."

"मग पूल उंच करायचं पत्रक काढू. त्यावर तरी?"

"त्याच्यावर चार वेळा करते. दे."

"पूल व्हायला वर्षं लागतील, बाई."

"तेच म्हणते म्या. पूल होईस्तोवर लेकरांनी वाढायचं थांबवायचं का?"

मी फार वाईट बोलले तेव्हा. म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून सरकारला पूल बांधावा लागत नाही. तुम्ही स्वतःच्या हाडांवर त्यांचं काम ओढता, आणि ते निवांत झोपतात. तुम्ही सुई थांबवली नाही. म्हणालात, "खरं हाय तुझं. पण पायल काय तुझ्या पत्रकाची वाट बघत सात वर्षांची ऱ्हायची नाय."

मी अजूनही म्हणते की माझं खरं आहे, बाई. पूल झाला पाहिजे आणि तो मागितलाच पाहिजे. पण व्हॅनच्या बाबतीत मी चूक होते. ज्या गोष्टीनं लेकरं जागच्या जागी राहिली, तिच्यासाठी मी लढायला निघाले होते. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हणाले नाही. म्हणायचं राहिलं.

जूनच्या तोंडावर हिराबाईंचा कळप गोदाकाठावरून परत आला. दर दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन खाली जातात आणि पावसाआधी परत येतात. तुम्ही त्यांना लेकरांचं सांगितलं. त्या हसल्या.

"मागनं हाकलता व्हय तुमी?"

"हाकलते कुठं? समजावते."

"तेच ते. मेंढरू मागनं हाकलं की पाण्यात बसतंय. एक धीराचं पुढं घालावं, आन आपण आधी जाऊन पलीकडं उभं ऱ्हावं. आपला आवाज पलीकडून आला पाहिजे."

तुम्ही म्हणालात, "आमची लेकरं मेंढरं हायत का गं हिरे?"

"नाय बाई. मेंढरं लई शहाणी असत्यात. फुकट फोटो काढू देत नायत."

शाळा सुरू झाली त्या सोमवारी तुम्ही सकाळी नऊलाच पूल ओलांडून पलीकडं गेलात. बाभळीखालच्या सपाट दगडावर बसलात, मांडीवर गोधडी. आणि हाक मारलीत. लेकरांना सांगितलं होतंत, की मी शाळा सुटेपर्यंत इथून हलणार नाही. पाणी आलं तर तुमच्याबरोबर मी पण पलीकडं. सगळी मिळून आईची वाट बघू. पहिल्या दिवशी तिघं आली. तुम्ही संध्याकाळी पाचपर्यंत तिथंच बसलात. डबा तिथंच, पाणी तिथंच. लेकरं मधल्या सुट्टीत येऊन बघून जायची, बाई आहेत का. तुम्ही होता.

आठवड्यात सगळी यायला लागली. धनगरांचीही. रोज वेगळं लेकरू पुढं घालायचं, हे तुम्ही पक्कं पाळलंत. आणि मग तुमचा दगड सरकायला लागला. हे बघायला कुठलाही कॅमेरा नव्हता, म्हणून मी लिहून ठेवते. जुलैच्या सुरुवातीला तुम्ही बाभळीखालून पुलाच्या त्या टोकाला आलात. मग मधल्या सुट्टीनंतर घरी जायला लागलात, पण आधी लेकरांना सांगून. मग पुलाच्या या टोकाला बसायला लागलात. लेकरांची भीती कमी झालीय का, ते तुम्ही त्यांच्या चालीवरून ओळखायचात. एक दिवस गडबडीनं दहा पावलं जास्त मागं आलात, तर पायल पुलाच्या मधून परत फिरली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा दहा पावलं पुढं जाऊन बसलात. कुरकुर नाही, उपदेश नाही. मी विचारलं, किती दिवस चालणार हे? म्हणालात, "माझ्याकडं मार्चअखेर नाय."

ताप तुम्ही अंगावर काढला. ज्योतीनं, तुमच्या लेकीनं, दोनदा सांगितलं, की आई, शहरात दाखवू. तुम्ही म्हणालात, थोडंच राहिलंय, ऑगस्ट होऊ दे. शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा उशीर झाला होता. मी तुम्हाला भेटायला आले. तुमचे डोळे पिवळे झाले होते. तुम्ही ना ज्योतीबद्दल विचारलंत, ना डॉक्टरबद्दल.

"आज पुढं कोण गेलं?"

मी म्हणाले, "पायल."

"पायल?" तुम्ही डोळे मिटलेत. चेहरा निवळला. "मग झालं."

बाई, मी खोटं बोलले. त्या दिवशी कुणीच गेलं नव्हतं. तुम्ही दवाखान्यात गेलात त्या दिवसापासून लेकरं पुन्हा पुलाशी थांबली होती. मला मास्तरांचा फोन आला होता. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही खोटं ऐकून गेलात, आणि दवाखान्याच्या त्या जिन्यावर बसून मी ठरवलं होतं की तुम्ही बऱ्या झालात की कबूल करेन. आता इथं, सगळ्यांसमोर करते.

पुण्यानुमोदनाला वस्ती होती, हिराबाई होत्या, मास्तर होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं, ज्योती बोलायला उभी राहिली आणि हात जोडून खाली बसली. तेवढंच खरं होतं. कारण दोन दिवसांनी संस्थेनं शहरात श्रद्धांजली सभा घेतली, थंड हवेच्या सभागृहात. मागं फलक, त्यावर तुमचा फोटो. मी तो फोटो ओळखला. व्हॅनच्या उद्घाटनाचा होता. तुम्ही टाळ्या वाजवत नव्हता, म्हणून हात कापून फक्त चेहरा घेतला होता. तुमच्या खांद्यावर व्हॅनवरच्या चिन्हाचा अर्धा तुकडा राहिला होता.

आणि लेकरं आणली होती. कशात आणली होती माहीत आहे? व्हॅनमध्ये. शाळेत न्यायला जी व्हॅन मार्चनंतर परवडत नव्हती, ती तुमच्या श्रद्धांजलीला परवडली. लेकरांच्या हातात मेणबत्त्या दिल्या. एक मान्यवर म्हणाले, "सुमनबाई म्हणजे समाजाच्या पुनर्उभारणीचा चालता-बोलता दीपस्तंभ!" तुम्ही दगडावर बसायचात, बाई. चालायचात आणि बोलायचात त्याहून जास्त बसायचात. त्यांना ते माहीत नव्हतं, कारण त्यातला एकही माणूस मार्चनंतर वस्तीत आला नव्हता. दुसऱ्यांनी सांगितलं, की त्यांच्या प्रकल्पानं जे पेरलं ते बाईंनी वाढवलं. मी उठून उभी राहिले. अप्पांनी हात धरून खाली बसवलं. "आता नाही," म्हणाले. "लिही."

शेवटी त्यांनी काय केलं असेल? खडू. लेकरांनो, तुमच्या लाडक्या बाईंचं चित्र काढा. पायलनं बाभूळ काढली, खाली दगड काढला आणि खडू ठेवून दिला. ताई होती त्यांची एक, बिल्ला लावलेली. म्हणाली, "अगं, बाई काढ ना त्यावर."

"बाई नायत ना आता."

"पण आपण आठवणीतल्या काढायच्या."

पायलनं तिच्याकडं अशी नजर टाकली, बाई, की माझी सगळी पत्रकं तिच्यापुढं फिकी. तो कागद बक्षिसाला निवडला गेला नाही. म्हैस असती तर निवडला असता.

मला या माणसांचा राग येतो असं नाही. रागाला समोर काहीतरी वजन लागतं. मला त्यांची शिसारी येते. ती वाईट नाहीत, हेच सगळ्यात वाईट आहे. ती गोड बोलतात, लेकरांच्या केसांवरून हात फिरवतात, आणि लेकरांना सवय लागली की जातात. लेकराला दुसऱ्यांदा सोडून जाणं हे त्यांच्या कागदावर 'प्रकल्पपूर्ती' असतं. आणि आपण शहरातले लोक त्यांना मदत पाठवून हात धुतो, स्वच्छ, सुगंधी साबणानं. मीही धुतलेत. पत्रक काढलं की माझं झालं, असं मला दहा वर्षं वाटत होतं.

सोमवारी मी लासूरला उतरून वस्तीवर गेले. सकाळचे साडेनऊ. ओढा भरून वाहत होता, पण पूल मोकळा होता. लेकरं या टोकाला उभी होती, पलीकडं बाभळीखाली तुमच्या दगडावर हिराबाई बसल्या होत्या, काठी आडवी मांडीवर.

"ये गं पायले! म्या हाय इथं!"

तिघं गेली. धनगरांची दोन आणि एक आपलं. पायल गेली नाही. बाकीचीही नाही. मी तिच्याशेजारी उभी राहिले. ती म्हणाली, "हिरामावशी दिवाळीनंतर जाणार हाय. मग आमी पलीकडं गेल्यावर कोण?"

मी संध्याकाळी हिराबाईंना विचारलं. म्हणाल्या, "दिवाळीपत्तोर म्या बसते. पुढं मेंढरं थांबत नायत माझ्यासाठी. तुमी लिवता ना? मग लिवा, की माणूस पाहिजे."

बाई, लिहिते. पण आधी तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देते. तुम्ही विचारलं होतंत, आज पुढं कोण गेलं. सोमवारी तिघं गेली, पायल गेली नाही. मी तिथं होते आणि मला जमलं नाही. मी आता दर बुधवार-गुरुवार जाणार आहे. अप्पा म्हणाले, छापखाना दोन दिवस मी एकटा बघतो. ज्योती शनिवारी बसणार आहे. तीन दिवस बाकी आहेत, आणि दिवाळीनंतर हिराबाई नसतील.

तर आता हे वाचणाऱ्यांना, आणि फक्त त्यांना.

आम्हाला कपडे नकोत, पिशव्या नकोत, खडू तर अजिबात नकोत. आम्हाला अशी माणसं पाहिजेत, जी सकाळी साडेनऊला ओढा ओलांडून पलीकडच्या दगडावर बसतील आणि शाळा सुटेपर्यंत उठणार नाहीत. भाषण येत नसलं तरी चालेल. शिवणकाम आणा, पुस्तक आणा, डबा आणा. फोन खिशात ठेवा. लेकरं बघायला येतील, तेव्हा तिथं असा. पहिल्या दिवशी एकही लेकरू येणार नाही, तुमचं तोंड पडेल, आणि तुम्हाला वाटेल आपला काही उपयोग नाही. लासूर स्टेशनला उतरून कुणालाही विचारा, बाईंचा दगड कुठला. सांगतील.

सोमवारी या. पण मंगळवारी परत येणार असाल, तरच सोमवारी या.